वाऱ्याकडची रांग

उंदराला ऐकू येतं की नाही, हे त्याला विचारावं लागत नाही. तो पाठमोरा होऊन भुशात काहीतरी हुंगत असतो. आपण पिंजऱ्यामागे हात न्यायचा आणि चुटकी वाजवायची. ऐकू आलं तर कानाची पाळी मागे लवते, क्षणभरच, फुंकर लागलेल्या पाकळीसारखी. नाही आलं तर पाकळी आपली जिथल्या तिथे.

हे काम ती इतकी वर्षं करत होती की प्रयोगशाळेत तिचं नावच चुटकीताई पडलं होतं. पगारपत्रकावर दुसरं नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारत नसे.

तिच्याकडचे उंदीर सगळे एकाच घराण्यातले. एकाच आईच्या पोटची, एकाच भुशात लोळलेली पिलं; पण काहींच्या वाट्याला घराण्याचा दोष यायचा, काहींच्या नाही. कुणाच्या वाट्याला आला, हे वरून बघून सांगता येत नसे. दोष आलेल्यांचेही कान वेळेवर उघडत, तीही चुटकीला पाळी लववत. मग वयात येता येता ती पाकळी हळूहळू हलायची थांबे.

कानाच्या पार आत, हाडात कोरलेली, गोगलगायीच्या शंखासारखी एक वळी असते. तिच्यात पेशी रांगेनं उभ्या, आणि एकेकीच्या डोक्यावर केसांचा बारीक तुरा. आवाज आला की तुरे लवतात, आणि तुरे लवले की आपण म्हणतो, ऐकू आलं. दोष असलेल्या उंदरांत या रांगा विरळ होत जातात. विरळ झाल्या की झाल्या. पाखराच्या कानात गेलेली पेशी पुन्हा उगवते म्हणतात. उंदराच्या उगवत नाही. माणसाच्याही नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्या दोष असलेल्या पिलांना एक औषध देऊन बघत होत्या. रांगा विरळ व्हायच्या थांबतात का, निदान ते थोडे दिवस पुढे ढकललं जातं का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी शेजारी त्यांची निरोगी भावंडं लागत. मोजायचं झालं तर त्यांच्याशीच ताडून. ती बिचारी काही न करता नुसती ऐकत राहायची. तेवढंच त्यांचं काम.

उंदरांच्या खोलीत दोघांनाच जायची परवानगी होती. एक ती, आणि दुसरे पिंजरेकाका. काका पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचे, पाण्याच्या बाटल्या भरायचे. बाकी कुणाचा नवा वास आला की उंदीर दिवसभर बिथरलेले राहत. बाईसुद्धा दाराच्या काचेतून बघून परत जायच्या.

खोलीत एक उंच रॅक होता. त्याच्या डोक्यावर पंखा बसवलेला. तो स्वच्छ हवा गाळून पिंजऱ्यांत सोडायचा. पिंजऱ्यांच्या जागा आठवड्याला फिरवायच्या असा नियम होता, म्हणजे उजेड-वारा सगळ्यांना सारखा मिळतो. तो नियम तिनं कधीच बाजूला ठेवला होता. शेजारच्या खोलीत एकदा फिरवाफिरवीत दोन पिंजरे उलटसुलट झाले आणि कुणाचंतरी वर्षभराचं काम मातीत गेलं. तेव्हापासून तिनं आपल्या रांगा पक्क्या करून टाकल्या. दोषवाले खाली, भिंतीकडे. निरोगी सगळ्यांत वर, वाऱ्याकडे. पुढे कामाला येतील ती ही धडधाकट पिलंच, त्यांना तरी ताजी हवा मिळू दे, असंही कुठेतरी मनात होतं. चांगल्या बियाण्याला चांगली जागा द्यावी, तसं.

तिला कुणी विचारलं की हेच काम का निवडलंस, तर ती म्हणायची, जागा रिकामी होती. ते खरंही होतं. तिच्या आईचे कान गेले तेव्हा आईचं वय तिच्या आत्ताच्या वयाएवढंच होतं, हेही खरं होतं. आजीचेही असेच गेले होते. पण आजीच्या काळी कुणी कान तपासत नसे, आजीला नुसतं हट्टी म्हणत. आईनं तर कुणाला पत्ताच लागू दिला नाही. सगळे हसले की आई हसायची, जरा उशिरा. कुणी काही विचारलं की ‘हो हो’ म्हणायची. तिचं गाणं पट्टी सोडून भरकटायला लागलं, तेव्हा कुठे घरात कळलं.

तिनं स्वतःचे कान कधी तपासले नव्हते. रोज वेळ असायचा, आणि रोज तिनं त्याकडे कानाडोळा केला.

*

निरोगी रांगेतल्या एका उंदरानं सगळं सुरू केलं.

त्याला गुंगी दिली होती. मऊ गरम गादीवर तो पसरलेला, कानामागे कातडीखाली केसाएवढी सुई, कानाशी छोटा कर्णा. कर्ण्यातून टिक-टिक आवाज सोडायचे, आधी मोठे मग बारीक, आधी खालच्या पट्टीतले मग वरच्या. उंदीर झोपेत असला तरी त्याचा कान जागा असतो. पडद्यावर लाटा उठतात. खालच्या पट्टीला लाटा नीट उठल्या. वरच्या पट्टीला आल्यावर पडद्यावर सरळ रेघ.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“हा खालच्या रांगेतला का गं?”

“नाही बाई. वरचा.”

“निरोगी?”

“हो.”

“मग याला काय झालंय?”

तिनं आवाज वाढवला. रेघ सरळच. दुसरा उंदीर आणला, तिसरा आणला. वाऱ्याकडची रांगच्या रांग वरच्या पट्टीला मुकी झालेली. खालच्या रांगेतल्यांचं जायचं तसं, ठरल्याप्रमाणे चाललेलं. निरोगी भावंडं मात्र कुणी न सांगता त्यांच्या मागे निघालेली.

“अदलाबदल झाली,” बाई म्हणाल्या. “दुसरं काय असणार. काकांना बोलाव.”

पिंजरेकाका हात पुसत आले. ऐकून घेतलं. “बाई, माझं वय झालंय, गुडघे गेलेत, चष्मा वाढलाय. पण शेपटीवरच्या खुणेच्या रेघा मला दिसतात. वरचा उंदीर मी खाली ठेवलेला नाही.”

“कुणी म्हणतं का की मुद्दाम ठेवलात.”

“मुद्दाम नाही आणि चुकूनही नाही. पण उंदराला मांजर साक्ष, माझी साक्ष कोण काढणार.”

“शेपटी काढेल,” बाई म्हणाल्या.

शेपटीच्या टोकाचा कण घेऊन तपासला की कोण दोषाचं आणि कोण बिनदोषाचं, ते कळतं. निकाल आला. काकांनी एकही पिंजरा हलवला नव्हता. वरच्या रांगेतले उंदीर आईबापांकडून धडधाकट कान घेऊन आलेले होते, आणि तरी त्यांना ऐकू येत नव्हतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात,” त्या म्हणाल्या. “आपण उंदीर पोखरला, आणि निघाला डोंगर.”

काकांना कुणी सॉरी म्हटलं नाही. ते आपले बादली घेऊन खोलीत गेले.

*

खारू म्हणजे तिची लेक. सारखं काहीतरी कुरतडत असायची म्हणून खारू. पेन्सिल, नखं, फ्रॉकचा बंद, काहीही.

खारू पाळण्यात होती तेव्हापासून ती तिच्या कानामागे हात नेऊन अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायची. एवढासा आवाज, सुकं पान चुरल्यासारखा. तान्ही खारू मान वळवायची. आता ती मानही वळवत नसे. पुस्तकात डोकं खुपसून नुसतं म्हणायची, “आलं ऐकू.” घरात सगळे समजत, हा मायलेकींचा खेळ आहे. खेळ कसला, ते कुणी विचारत नसे.

त्या दिवशी खारूनं ‘पिलं दाखव’ म्हणून किती दिवस लावून धरलेला हट्ट एकदाचा पुरला होता. नवी पिलं जन्मली होती, वरच्या रांगेत. गुलाबी, शेंगेतल्या दाण्यांसारखी. तिनं खोलीत फोन नेऊन त्यांची चित्रफीत काढली होती. संध्याकाळी जेवायच्या टेबलाशी चौघं बसली, खारू, खारूचा बाबा, खारूची आजी म्हणजे तिची आई, आणि ती. तिनं फोन मध्ये उभा केला.

“गोड आहेत,” आजी म्हणाली. “पण डोळे मिटून मिटून किती मिटायचे.”

“आजी, त्यांचे उघडलेलेच नाहीत अजून,” खारू आजीकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाली. आजीशी असंच बोलायचं असतं, हे तिला चालायच्या आधीपासून येत होतं. मग एकदम तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. “ई, बंद कर ना आई. दातात जातंय ते.”

“काय जातंय?”

“शिट्टी.”

“कसली शिट्टी?”

“अगं अशी, बारीक. सारखी चाललीये.”

खारूच्या बाबानं घास थांबवला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. मागच्या बाकावरची कुजबुज त्याला फळ्याकडे तोंड असताना कळायची. “हो गं, आहे,” तो म्हणाला. “जुने टीव्ही वाजायचे ना, तसं. फोनमध्येच काही बिघाड आहे का?”

तिनं फोन उचलून कानाशी धरला. भुशाची खसफस होती. काकांच्या बादलीची कडी वाजली. तिचा स्वतःचा श्वास होता. दुसऱ्या कानाशी धरला. भुसा, कडी, श्वास.

“आजीला नाही येत,” खारू म्हणाली, “बघ, ती हसतेय. तुला येतंय ना?”

“हो हो,” ती म्हणाली. “येतंय की थोडं.”

आजी पिलांकडे बघत होती, ती आता तिच्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मग आजीनं वाटी पुढे ओढली आणि जेवायला सुरुवात केली.

तिला वाटलं होतं, हे कधीतरी कळेल तेव्हा पायाखालची जमीन सरकेल, पोटात खड्डा पडेल, जे काय लोकांचं होतं ते होईल. काही झालं नाही. तिनं ताटं उचलली. उरलेलं झाकून ठेवलं. तिला आठवत होते ते उंदीर. ती शिट्टी त्यांच्या डोक्यावर किती दिवस वाजत असेल, आणि रोज त्या पंख्याखाली उभी राहून ती चुटक्या वाजवत होती.

भांडी विसळून झाल्यावर तिनं हात कोरडे केले. आणि अंगठा न् बोट आपल्याच कानामागे नेऊन घासलं. बोटांना कळत होतं की घासलं जातंय. आणखी जोरात घासलं. कधीपासून येत नव्हतं, कुणास ठाऊक. इतकी वर्षं ती खारूच्याच कानाकडे बघत होती.

*

सकाळी तिनं तपासणीच्या खोलीतला माइक काढून घेतला. कर्ण्यातून किती आवाज बाहेर पडतो, ते मोजायला तो ठेवलेला असे. माणसाला ऐकू येत नाही तेवढं वरचंही त्याला ऐकू येई. तो घेऊन ती उंदरांच्या खोलीत गेली. काका भुसा चाळत होते.

“काका, तुम्हाला शिट्टी ऐकू येते?”

“कुठली?”

“पंख्याची.”

काकांनी मान तिरपी केली. “मला हल्ली बायकोसुद्धा ऐकू येत नाही. ते सोयीचं आहे म्हणून मी बोलत नाही.”

तिनं माइक वरच्या रांगेशी धरला आणि हातातल्या पडद्याकडे बघितलं. सगळी रेघ सपाट, आणि उजव्या टोकाला एकच सुळका, भाल्यासारखा उभा. माणसाच्या ऐकण्याचा जिथे काठ येतो तिथून तो सुरू होत होता, आणि काठापलीकडे, जिथे फक्त उंदरांचा कान पोचतो, तिथे आणखी उंच होत गेला होता. ती माइक खाली नेत गेली. मधल्या रांगेशी सुळका बुटका झाला. खालच्या रांगेपर्यंत जाईतो मोडून पडला.

पंख्याच्या आतलं बेअरिंग झिजलं होतं. इतकंच.

दोघं त्या खोलीत, त्यांच्या लेखी अगदी शांत असलेल्या खोलीत, उभं राहून ती शिट्टी बघत होती.

“बंद करू?” काकांनी विचारलं.

“करा.”

काकांनी बटण दाबलं. सुळका खाली बसला. आणि वरच्या रांगेत, ज्यांना अजून थोडं ऐकू येत असावं अशा दोन-तीन उंदरांनी माना वर केल्या, मागच्या पायांवर उभे राहिले, आणि हवेत काहीतरी हुंगत राहिले. बाकीचे खात होते.

“आपल्याला कसं ओ कळणार,” काका म्हणाले. “माझे कान म्हातारे झाले.”

त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य त्यांनी बोलायचं टाळलं. भुशाची पोती उचलून ते बाहेर गेले. उंदरांना बिनवाऱ्याचं फार वेळ ठेवता येत नाही, तेव्हा शेजारच्या खोलीतला जादा पंखा आणायला.

*

बाईंच्या खोलीत तिनं बसायला नको म्हटलं. उभ्यानंच सगळं सांगितलं. पंखा, बेअरिंग, सुळका. रांगा फिरवायचं आपणच थांबवलं होतं, हेही सांगितलं. फिरवल्या असत्या तर वरचे-खालचे सगळ्यांनाच थोडं थोडं लागलं असतं आणि कुणाचंतरी लवकर लक्ष गेलं असतं.

बाईंनी ओरडावं अशी तिची तयारी होती. बाई पेन टेबलावर उभा धरून सोडायच्या, तो पडला की पुन्हा उभा धरायच्या.

“म्हणजे सगळी पिढी गेली,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“पुन्हा पहिल्यापासून.”

“हो.”

“काका साठीचे आहेत. ते मी समजू शकते. तू रोज त्या पंख्याखाली उभी होतीस. तुझं वय काय गं?”

तिनं सांगितलं.

“आणि तुला ती ऐकू आली नाही.”

“नाही.”

पेन पडला. बाईंनी तो उचलला नाही.

“घरी कुणाला आहे?”

“आईला. आणि आजीला होतं.”

“आणि इतकी वर्षं मी तुझ्याकडून उंदरांचे कान तपासून घेतेय,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. “उद्या जाऊन तपासून ये. हे मी सांगतेय म्हणून जा. कान सोनारानंच टोचलेले बरे.”

ती दाराशी पोचली तेव्हा बाई मागून काहीतरी बोलल्या. तिला कळलं की त्या बोलल्या, काय ते कळलं नाही. ती वळली.

“काय म्हणालात?”

“काकांना चहाला बोलाव म्हटलं,” बाई म्हणाल्या, या वेळी तिच्याकडे तोंड करून. “मला त्यांच्याशी बोलायचंय.”

*

वरच्या रांगेतला एक उंदीर तिनं दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. म्हणजे उंदीर नव्हे, त्याच्या कानातली वळी. सोलून, रंगवून, काचपट्टीवर पसरलेली. हे काम हाताला इतकं सवयीचं झालेलं की बोटं आपली आपण करत होती.

शंखाच्या आतल्या टोकाकडे, जिथे खालच्या पट्टीचे आवाज ऐकले जातात, तिथे रांगा भरलेल्या होत्या. आतली एक रांग, बाहेरच्या तीन. तुरे ताठ, एकाला एक लागून. ती काचपट्टी सरकवत गेली. तोंडाकडे, वरच्या पट्टीकडे येता येता बाहेरच्या रांगांत भोकं दिसायला लागली. आधी एखादं. मग जोडीनं. मग दात पडलेल्या फणीसारखी सगळी रांग.

तिनं डोळा काढला, पुन्हा लावला. धडधाकट जन्मलेला कान. याच्या रक्तात काही नव्हतं. याला फक्त चांगली जागा मिळाली होती.

तिच्या कानातली वळी कुणी अशी पसरून बघणार नव्हतं. तिथेही अशीच भोकं असतील. कुणी शिट्टी न वाजवता, नुसतं आईच्या पोटी आली म्हणून. ती मोजायला लागली. तिसऱ्या रांगेत मोजता मोजता आकडा हरवला, तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

*

कान तपासणारी बाई तरुण होती आणि फार हळू, स्पष्ट बोलत होती, जसं चुटकीताई स्वतः आईशी बोलायची. जाड दाराच्या छोट्या खोलीत तिला बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, हातात एक बटण दिलं. “अगदी बारीक आला तरी दाबायचं हं. अंदाजानं दाबायचं नाही.”

खालच्या पट्टीत तिनं भराभर दाबलं. पट्टी चढत गेली. मग एक जागा अशी आली की आवाज आला, की आला असं वाटलं, ते कळेना. नंतर काहीच येईना. काचेपलीकडे त्या बाईचा हात हलताना दिसत होता. हात हलला म्हणजे आवाज सोडला, एवढं तिला ठाऊक होतं. तेवढ्यावर दाबता आलं असतं. तिनं बटण मांडीवर ठेवलं.

उंदराला हे करावं लागत नाही. त्याला झोपवतात, आणि त्याची रेघ खोटं बोलत नाही.

कागदावर तिच्या दोन्ही कानांची रेघ डावीकडून बरी चालत येत होती आणि उजवीकडे उतार लागल्यासारखी खाली गेली होती. अशा रेघा तिनं इतक्या बघितल्या होत्या की समजावून सांगायची गरज नव्हती. तरी तरुण बाईनं समजावून सांगितलं, आणि तिनं ऐकून घेतलं.

“मुलं आहेत?” शेवटी तिनं विचारलं.

“एक मुलगी.”

“तिची रक्ततपासणी करून घेता येईल. वाटलं तर. म्हणजे कळेल तरी.”

“तिला सगळं ऐकू येतं,” ती म्हणाली. आणि मग, समोरच्या बाईला नाही, नुसतंच, “सुरुवातीला सगळ्यांनाच येतं.”

*

घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. आई खिडकीशी बसून गुणगुणत होती. हे गाणं तिच्या लहानपणापासूनचं, निजताना म्हणायचं:

निज निज माझ्या राणी, कान उशीला तू लाव,
पायरव आला दारी, सांग कोणाचं ते नाव.

‘नाव’वर आवाज खाली यायला हवा. आईचा वर जायचा, आणि वरच राहायचा. खारूला तसंच पाठ झालं होतं. तिच्या लेखी गाणं तिथे वरच जातं.

ती आईसमोर बसली. कागद दाखवला नाही. आईनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“जाऊन आलीस वाटतं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार. सांगितलं तरी मला ऐकू येतंय थोडंच.” आई आपल्याच बोलण्यावर हसली. मग म्हणाली, “त्या उंदरांच्या वेळी खारूनं तुला काय विचारलं, ते मी बघितलं नाही. तू काय म्हणालीस ते बघितलं. ‘हो हो’ म्हणालीस.”

तिनं कागदाची घडी आणखी लहान केली.

“ते माझं आहे,” आई म्हणाली. “ओळखते मी. जन्मभर तेच केलं. हसणं उशिरा पोचतं गं, पण ‘हो हो’ वेळेवर पोचतं. लोक म्हणत, बाई फार गुणाची, कशाला नाही म्हणून म्हणत नाही. अर्धी लग्नं मी ‘हो हो’ करून जमवलीत, कुणाची ते मला अजून ठाऊक नाही.”

हसायला हवं होतं. तिला हसू आलं, पण चेहऱ्यापर्यंत यायला वेळ लागला.

“कसं होतं, आई? जाताना?”

आईनं खिडकीबाहेर बघितलं. “काही होत नाही,” ती म्हणाली. “तेच तर आहे. दुखत नाही, खुपत नाही. पाखरं गेली की कळतं, अरे, पाखरं गेली. तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर. मी कुणाला विचारलंच नाही, म्हणून मला कुणी सांगितलंच नाही. तेवढं करू नकोस.”

आई उठून आत गेली. ती तिथेच बसून राहिली, खिडकीकडे तोंड करून. बाहेर अंधारून येत होतं आणि काचेत खोली दिसायला लागली होती: टेबल, खुर्च्यांच्या पाठी, दिवा. काचेतल्या दारातून खारू आत आली. पावलं न वाजवता, चवड्यांवर. तिच्या मागे येऊन उभी राहिली. हात उचलला.

घरात कुणी काही बोललं असेल. की कुणी काहीच बोललं नसेल, आणि पोरीनं आपलं आपण जोडलं असेल.

काचेत खारूचा हात तिच्या कानामागे आला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासताना अगदी स्वच्छ दिसत होतं. खारूच्या ओठांवर हसू तयार होतं, ‘आलं ऐकू’ची वाट बघत.

म्हणायला काहीच अडचण नव्हती. हात दिसत होता. नेमकी वेळ साधता आली असती. अशा साधलेल्या वेळांवर आईनं अख्खं आयुष्य काढलं होतं.

“नाही आलं,” ती म्हणाली.

काचेतलं हसू जिथल्या तिथे राहिलं. हात आणखी जवळ आला. बोटं पुन्हा घासली गेली.

“आता?” खारूनं विचारलं. हे ऐकू आलं.

“नाही.”

हात इतका जवळ आला की केस हलल्याचं कळलं. “आता?”

“नाही, बाळा.”

काचेत खारूचा चेहरा नीट दिसत नव्हता, दिवा मध्ये येत होता. तिचा कान मात्र दिसत होता. ती त्या कानाकडे बघत राहिली. माणसाचा कान हलत नाही. ऐकू येत असो की नसो, आत रांगा भरलेल्या असोत की विरळ व्हायला लागलेल्या, वरून तो तसाच.

मग खारूनं हात मागे घेतला, आणि चुटकी वाजवली.

“हे आलं,” ती म्हणाली.

“बरं,” खारू म्हणाली. वळसा घालून समोर आली, खिडकीला पाठ टेकून उभी राहिली, आणि आजीशी बोलताना हलवायची तसे ओठ नीट हलवत म्हणाली, “मग जेवायला चल.”